नाताळ झाला की येते

माझी सून संगीता कोणत्याही गोष्टीला "देवाची स्तुती असो" म्हणायची, आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता. रानडुकरांनी तूर लोळवली, देवाची स्तुती असो. गाभण शेळी दगावली, देवाची स्तुती असो. कुकरची शिटी उडून वरण पत्र्याला लागलं, तर वर पाहून हसली आणि तेच म्हणाली. मी म्हटलं, बाई, वरण तरी देवाला असं उडवून नको देऊ. त्यावरही हसली.

आता कोणी म्हणेल, जमनीबाई स्वतः ख्रिस्ती, आणि स्तुतीला नावं ठेवते. ठेवते. आमच्या तांड्यात येशूचं नाव पहिल्यांदा मी घेतलं. तेव्हा तांड्याचा नायक माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवायचा. आज त्याचीच नात दर रविवारी माझ्या ओसरीत बसून गाणी म्हणते. शाळा मी दोनच वर्ग पाहिली. तरी खरी स्तुती कोणती आणि भिंतीची भेग झाकायला लिंपलेली कोणती, हे मला कोणाला विचारावं लागत नाही. संगीताची लिंपलेली होती. ती कधीपासून लिंपली, तेही मला ठाऊक होतं. तिची माय गेली तेव्हापासून.

तिचं माहेर दिग्रसच्या वाटेवरच्या तांड्यात. माहेरचे लोक त्यांच्या जुन्या देवाधर्माचे, पण लेक आमच्या घरी आली, प्रभूकडे वळली, म्हणून तिच्या मायने कधी वाकडा शब्द काढला नाही. मायला दमा होता. नाताळाच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला, की पोरी, येऊन जा, जीव घाबरा होते. संगीता आमच्या मंडळीत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, गाणी सांभाळते. पोरापोरींना घेऊन तिची तयारी चाललेली. ती म्हणाली, "याडी, नाताळ झाला की येते." आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, मायला याडी म्हणतात. मला ती आई म्हणते.

नाताळ झाला. संगीता अशी गायली की ओसरीतल्या बाया हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरत होती, तेवढ्यात तिच्या भावाचा, देवसिंगचा फोन आला. याडी गेली.

बादल, माझा पोरगा, काळीपिवळी चालवतो. त्याने गाडी जमेल तेवढी पळवली, पण देवसिंगच्या फोनलाच उशीर झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती.

इथं आमची एक रीत सांगावी लागते. आमच्यात बाई बाईच्या गळ्यात पडून रडते, आणि सुरात रडते. लेक खूप दिवसांनी माहेरी आली, तरी आधी रडणं, मग पाणी. लग्नात नवरी ढावलो गाते, तेही रडणंच. कोणी मेलं की मग विचारू नका. एक बाई सूर धरते, गेलेल्याचं नाव घेऊन त्याचं सगळं आयुष्य मांडते, तक्रारी करते, देवाला बोल लावते, आणि दुसरी तिला सुरातच उत्तर देते. संगीताची माय यात अशी हुशार, की दुसऱ्या तांड्यातून बोलावणं यायचं. माझा सासरा वारला तेव्हा ती आली होती. त्या माणसाने जन्मभर मला एक गोड शब्द दिला नाही, पण त्या बाईने असा सूर लावला, की मीसुद्धा त्याच्यासाठी ढसाढसा रडले. अजून मला त्याचा राग येतो.

अशा मायची ही लेक. गाडीतून उतरली तर तिची मोठी काकी हात पसरून पुढं आली. मागं सगळ्या बाया. संगीता थांबली, एक पाऊल मागं सरली, हात जोडले आणि म्हणाली, "रडायचं नाही काकी. देवाची इच्छा." काकीचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते पदराला पुसले आणि वळून गेली. आम्ही निघेपर्यंत संगीताशी कोणी बोललं नाही. कोणीतरी मागून ऐकू येईल असं म्हणालं, की देवाच्या नादी लागून माय विसरली, दगड झाली.

घरी आल्यापासून ही स्तुती सुरू. भात वाढून घ्यायची आणि तो तसाच ताटात ठेवायची. झोपेत दात खायची, बादलने मला सांगितलं. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते म्हणाली, म्हणून आर्णीला डॉक्टरला दाखवलं. त्यांनी छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. मला ठाऊक होतं चांगलं आहे ते. रडू कुठं पट्टीत दिसते?

मी आमच्या पास्टर कपिलला बोलावलं. पोरगा वयाने लहान, मनाने चांगला, चहात साखर फार घेतो. त्याला विचारलं, की बाबा, विश्वासणाऱ्याने रडू नये असं तू हिला शिकवलंस का? तो गोंधळला. म्हणाला, आई, मी दिवाळीनंतर एका प्रवचनात म्हणालो होतो, की आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका. मी म्हटलं, तू म्हणालास गहू आणि हिने पेरली ज्वारी. आता तूच निस्तर.

त्याने संगीताला समोर बसवलं आणि शास्त्रातून वाचून दाखवलं. येशूचा एक मित्र आजारी पडतो. मित्राच्या दोघी बहिणी निरोप धाडतात, ये म्हणून. तो लगेच निघत नाही. पोचतो तेव्हा मित्र कबरीत. बहिणी गावाच्या वेशीवर येऊन त्याला तोंडावर सांगतात, की तू वेळेवर असतास तर आमचा भाऊ मेला नसता. आणि येशू, ज्याला ठाऊक आहे की आता मी याला उठवणार आहे, तोही त्यांच्यासोबत रडतो.

मी हे किती वेळा ऐकलं असेल. पण त्या दिवशी मी कपिलकडे नाही, संगीताकडे पाहत होते. बहिणी बोलल्या त्या जागी तिचं हसू क्षणभर गळून पडलं. डोळे नाही भरले. पण ओठ दाबले, जशी तोंडात आलेली गोष्ट माणूस गिळतो. मग लगेच म्हणाली, किती छान आहे, देवाची स्तुती असो, आणि उठून चहाची भांडी घेऊन गेली.

कपिल खाली मान घालून बसला. म्हणाला, आई, माझ्या वाचण्याने नाही झालं. मी म्हटलं, झालं, अर्धं झालं. आमच्या लोकांचं रडू पुस्तकातून येत नाही, अंगाला अंग लागावं लागते. तू इथं प्रार्थना कर. बाकी माझं मी पाहते.

दुसऱ्या दिवशी मी संगीताला म्हटलं, चल, तुझ्या माहेरी जाऊ. ती म्हणाली, नको आई, तिथं माझ्याशी कोणी बोलणार नाही. मी म्हटलं, नाही बोलले तर मी बोलेन, माझं तोंड कधी बंद पडलं आहे का?

माहेरच्या अंगणात काकी तूर पाखडत बसलेली. आम्हाला पाहिलं आणि सूप थांबवलं नाही. उठली नाही. देवसिंगच्या बायकोने पाणी आणलं, म्हणजे पाहा, लेकीला न रडता पाणी. परक्याला देतात तसं. संगीताने ते हातात घेतलं आणि तिच्या तोंडावर ते मेलं हसू यायला लागलं. मला कळलं, ही आता तेच तीन शब्द म्हणेल आणि हे दार हिच्यासाठी कायमचं बंद होईल. आणि छातीवरचा तो दगड हिला आत आत दाबत नेईल.

रडत गळ्यात आलेल्या बाईला आमच्यात ढकलत नाहीत. ती वैरीण असली तरी नाही. म्हणून मीच गेले. काकीच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं, खाली बसले, तिच्या गळ्यात पडले आणि सूर धरला. प्रभूकडे आल्यापासून मी सुरात रडले नव्हते. मंडळीत गाणी असतात, तेवढ्यात भागायचं. आवाज आधी चिरकला, मग गवसला. मी म्हटलं, ए विहीणबाई, कुठं गेलीस, तुझा दमा तुला घेऊन गेला, तुझ्या हातची भाकर मी खाल्ली, तुझी पोरगी मी नेली.

काकी आधी लाकडासारखी ताठ होती. मग तिचा हात माझ्या पाठीवर आला. आणि तिने सुरातच मला झोडलं. तुझ्या देवाने आमची लेक धरून ठेवली. मायच्या तोंडात पाणी घालायला सोडली नाही. असा कसा तुझा देव?

मी उत्तर दिलं. माझा देवही एकदा असाच उशिरा गेला होता, बाई. दोन बहिणींनी निरोप धाडला, ये म्हणून, आणि तो पोचला तेव्हा भाऊ मातीत गेला होता.

काकीच्या सुरातला राग थोडा खाली आला. कोणी मेल्याची गोष्ट असली की आमच्या बाया शेवटपर्यंत ऐकतात. तिने सुरात विचारलं, मग काय म्हणाल्या त्या बहिणी? त्यांनी त्याला घरात घेतलं का?

मी सूर तिथंच सोडला. उत्तर मला येत होतं, पण ते माझं नव्हतं.

मागून पाण्याचा गडू पडल्याचा आवाज आला. आणि संगीताचा आवाज आला, मंडळीत गाते तो नाही, दुसराच, फाटलेला.

"कुठं होता तू? मी तुह्यासाठीच गात होती ना? मंग एक दिवस थांबवायची होती माह्या याडीले. एक दिवस. मी येते म्हटलं होतं तिले."

हे ती काकीला म्हणत नव्हती. ती तिथंच अंगणात गुडघ्यावर बसली होती, तोंड वर करून. काकीने मला बाजूला सारलं, तेही जरा जोरातच, आणि जाऊन संगीताला धरलं. मग घरातून बाया आल्या, शेजारून आल्या. संगीताने सगळं सांगितलं, सुरात, बेसूर, जसं येईल तसं. फोन आला ते. पिशवी भरत होती ते. चितेजवळ रडले असते तर प्रभूवर भरवसा नाही असं झालं असतं, अशी भीती वाटली ते. आणि काकीने जे नाताळापासून रागाने पोटात धरून ठेवलं होतं, ते तिच्या कानाशी सोडलं. म्हणाली, "तुही याडी साऱ्याईले सांगत होती, माही पोरगी देवाच्या घरी गाते, गाणं अर्धं टाकून कशी येईल. तिले तुहा राग नव्हता, पोरी. राग मले होता."

त्यावर जे रडणं झालं, त्यात मीही होते. माझा बादल गाडी घेऊन आला आणि बायांचा गलका पाहून वेशीवरच थांबला, शहाणा आहे.

मग पाणी दिलं. मग जेवण. संगीता दोन भाकरी खाऊन तिसरीला हात घालत होती आणि काकी तिच्या ताटात ठेचा वाढत होती. जेवल्यावर ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. दात खाल्ले नाहीत. मी पाहत होते.

येताना गाडीत ती बाहेर पाहत होती. डोळे सुजलेले, नाक लाल. मग हळूच म्हणाली, "आई, मी प्रभूले तोंडावर बोलली. साऱ्याईसमोर. आता रविवारी त्याच्यापुढं कशी उभी राहू?"

मी म्हटलं, बोलताना तुला काय वाटलं ते आधी सांग.

ती म्हणाली, "वाटलं का तो तिथंच बसून हाये. काकीच्या बाजूले. अन् तोबी रडून राह्यला. त्याले माह्या बोलण्याचा रागच आला नाही." तिने छातीवर हात ठेवला. "इथं मोकळं झालं, आई."

बादलने गाडीचा वेग कमी केला. त्याला वाटतं मला कळत नाही, पण तो ऐकत होता.

मी पदराच्या टोकाने तिचं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि म्हटलं, "नाताळापासून तू देवासंग पाव्हणीवानी बोलत होती, संगीता. गोड गोड, अन् दारातूनच. आज घरच्या लेकीवानी भांडली. रविवारी उभी राह्य, अन् बिनधास्त उभी राह्य. भरवसा तुहा कमी नव्हता, तुह्या तोंडालेच कुलूप होतं."