खिंडीतलं किमान तापमान

यंत्र बिघडलंय, याबद्दल कार्यालयात कुणाच्याच मनात शंका नव्हती. वर खिंडीत नव्याने बसवलेलं स्वयंचलित यंत्र नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात उणे सहा अंश दाखवत होतं. गेल्या काही वर्षांच्या तक्त्याप्रमाणे खिंडीत नोव्हेंबरात पारा शून्याखाली जायचा तो विसाव्या तारखेनंतर.

तो तक्ता ताईंच्या हातचा. तळ्याकाठच्या त्या दोन खोल्यांच्या हवामान कार्यालयात त्या बावीस वर्षं होत्या. रोज दुपारी बाहेरच्या फळ्यावर उद्याचा अंदाज लिहायचा, आणि महिना संपला की तळ्याचे आणि खिंडीचे आकडे तक्त्यात भरायचे. गावात त्यांना पाराबाई म्हणत. अंदाज चुकला की बोटवाले विचारायचे, "काय पाराबाई, पारा आज झोपला वाटतं?"

यंत्र तपासायला पाठवलेला तंत्रज्ञ तिसऱ्यांदा खाली आला आणि हातमोजे टेबलावर आपटत म्हणाला, "ताई, यंत्र ठणठणीत आहे. माझा स्वतःचा तापमापक नेला होता. उणे पाच पूर्णांक आठ. माझ्या बोटांना विचारा हवं तर."

"यंदा थंडी जास्त असेल."

"मग तळ्यावर कुठे आहे? तळ्यावरचे आकडे तर नेहमीसारखेच."

त्याचं तोंड बंद करायचं म्हणून ताईंनी जुन्या नोंदवह्या काढल्या. सव्वीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या एका हाताच्या, ताईंच्या वडिलांच्या. अण्णा खिंडीतले निरीक्षक होते. पहाटे पाचला डबा घेऊन निघायचे, दोन तास चढून वरच्या खोपटात पारा वाचायचे, पावसाचं भांडं मोजायचे आणि आठवड्याचं पत्रक लेकीच्या हातात द्यायचे. यंदा उन्हाळ्यात यंत्र आलं आणि ते निवृत्त झाले. अण्णांची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबसुद्धा म्हणायचे.

ताई एकेका वर्षाचा नोव्हेंबर शेजारी शेजारी ठेवत गेल्या, आणि त्यांचं बोट थांबलं. तीन पूर्णांक दोन, दोन पूर्णांक सात, चार पूर्णांक एक. हे आकडे त्यांनी आत्ताच कुठेतरी वाचले होते. दोन वर्षं मागची वही उघडली. तेच आकडे, त्याच क्रमाने, दशांशासकट. फक्त तारखा एक दिवस पुढे. सलग अकरा दिवस. त्यांनी मार्च काढला. तोही चार वर्षांपूर्वीच्या मार्चची नक्कल. पारा काही पाठांतर करत नाही. चाळता चाळता अशी नऊ वर्षं निघाली. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढची सगळी.

"ताई, पाणी आणू?" तंत्रज्ञाने विचारलं.

घरी अण्णा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. ताईंनी दोन्ही वह्या त्यांच्यासमोर उघडून ठेवल्या. अण्णांनी चष्माही लावला नाही. हातातली शेंग तेवढी खाली ठेवली.

"तू कधीतरी बघशील असं वाटायचंच," ते म्हणाले.

"तुम्ही वर जात नव्हता?"

"वळणापर्यंत जायचो. जिथून खोपट दिसायला लागतं तिथपर्यंत."

"नऊ वर्षं?"

"तुझी आई गेली तेव्हा मी वर भांड्यातलं पाणी मोजत होतो. निरोप पोचायला दोन तास लागले. त्यानंतर खोपट दिसलं की पाय उचलेनात. म्हटलं, एक आठवडा जाऊ दे. एका आठवड्याचं पत्रक तळ्याच्या जुन्या वहीवरून उतरवलं. कुणी काही विचारलं नाही. मग दुसरा आठवडा आला."

रोज पहाटे त्यांचा डबा भरणाऱ्या ताईच होत्या. तो डबा वळणावरच्या दगडावर बसून खाल्ला जात होता. त्या उठल्या आणि उगाचच सोललेले मटार धुवायला लागल्या.

सकाळी साहेबांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं. "हे बघा, म्हातारा माणूस. यंत्र बदलल्यामुळे फरक पडला असं लिहून टाका. झाकली मूठ."

ताईंनाही तेच हवं होतं. ते कारण लावून नेमकी कुठली वर्षं तक्त्यातून वगळायची याची यादी करायला त्या बसल्या, आणि सहा वर्षांपूर्वीच्या आठ नोव्हेंबरवर आल्या. किमान तीन पूर्णांक दोन.

ही तारीख त्यांना पाठ होती. त्या सकाळी दुधाची गाडी खिंडीच्या रस्त्यावरून घसरून दरीत गेली होती. चालक वाचला, पण त्याचा एक पाय गुडघ्यापासून कापावा लागला. रस्त्यावर बर्फ होता, असं तो घसा फोडून सांगत राहिला. चौकशी समितीने हवामान कार्यालयाकडे विचारणा केली. त्या दिवशी तापमान शून्याच्या वर होतं, सबब बर्फ असणं शक्य नाही, असं पत्र गेलं. दोष चालकाच्या वेगावर आला, परवाना गेला, नोकरी गेली. पत्राखाली सही ताईंची होती.

कुणालाही न सांगता त्या घरी आल्या.

"अण्णा, दुधाची गाडी पडली त्या दिवशी तुम्ही वळणावर होता?"

अण्णांनी मान डोलावली.

"रस्त्यावर बर्फ होता?"

"होता. मी स्वतःच घसरून पडलो होतो. गाडी जायच्या तासभर आधी."

"मग लिहिलं का नाहीत?"

"त्या आठवड्याचं पत्रक आधीच लिहून झालं होतं, पोरी."

ताई भिंतीला टेकल्या. ज्या माणसाने त्यांना थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायला शिकवलं, तो हाच का, असं वाटून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी सगळं लिहून देणार आहे. तुमच्या नावासकट."

"दे. पण त्याला मी सांगतो. तू जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले. तीन तासांनी परत आले, बूट न काढताच पायरीवर बसले.

"काय म्हणाला?"

"खुर्ची दिली बसायला. सगळं ऐकून घेतलं. मग कुबडी घेऊन अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. मी उठून निघेपर्यंत आत आला नाही."

ताईंचा अहवाल गेला, मग वरिष्ठ कार्यालयाकडून पत्रं आली, माणसं आली. अण्णांची दोनदा जबानी झाली. दोन्ही वेळा त्यांनी काही लपवलं नाही. नऊ वर्षांचे आकडे रद्द झाले आणि तक्त्यात त्या जागी 'नोंद उपलब्ध नाही' असं ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. साहेब त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. घरातही फारसं वेगळं नव्हतं. बापलेक एका टेबलावर जेवत आणि मिठाची बरणी एकमेकांकडे सरकवत, तेवढाच व्यवहार.

एप्रिलमध्ये समितीने आपला निकाल फिरवला. रस्त्यावर बर्फ होता, चालकाचा दोष नव्हता. त्याची प्रत घेऊन ताई बोटीच्या धक्क्यावर गेल्या. चालक आता तिथे तिकीट खिडकीत बसायचा. इतकी वर्षं ताई दुसऱ्या खिडकीवर तिकीट काढत. एका पायाच्या माणसाकडे बघणं टाळायचं म्हणून.

त्याने कागद दोनदा वाचला.

"मी माफी मागायला..." ताईंनी सुरुवात केली.

"थांबा." तो कागदाची घडी घालत होता, पण ती नीट पडत नव्हती. "बाई, माझ्या बायकोलासुद्धा वाटतं मी वेगात होतो. कधी बोलली नाही ती. पण वाटतं. सहा वर्षं एका घरात राहतोय आम्ही."

रांगेतला माणूस मागून म्हणाला, "अहो, बोट सुटेल!"

"सुटू दे," चालक म्हणाला. त्याने खिडकी खाली ओढली, कागद खिशात घातला, काखेत कुबडी घेतली आणि भर कामाच्या वेळी घराकडे चालू लागला.