कुंकवाआडचे आकडे

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाची नव्हे, कॉम्प्युटरच्या तोंडावर अडकवतात ती काळपट अँटीग्लेअर काच. तुम्ही म्हणाल, काचेला कसलं आलंय चरित्र? खरं आहे. पण माझ्यामुळे एका पोराचं वाटोळं झालं, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मला कापलं, घासलं, काळपट रंग दिला, प्लॅस्टिकची चौकट बसवली. खोक्यावर छापलं होतं, ‘डोळ्यांची काळजी घेते.’ काय अभिमान वाटला होता मला तेव्हा! वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पंच्याण्णव साली मी सावेडीला आले, माधव सरांच्या कॉम्प्युटर क्लासात. दुसऱ्या मजल्यावर आठ मशीन, चपला-बूट दाराबाहेर, खिडक्यांना जाड पडदे. सरांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मास्तरकी आणि कारकुनी. सर मला नेहमी कडांना धरून उचलायचे आणि पोरांवर खेकसायचे, “बोटं लावू नका रे, काच आहे ती, भाकरी नाही!”

मी ज्या मशीनवर होते त्यावर विमान उडवायचा प्रोग्राम होता. पडद्यावर खरंखुरं कॉकपिट यायचं. वर आकाश आणि धावपट्टी, खाली गोल गोल तबकड्या. वेग किती, उंची किती, तेल किती, सगळं त्यात. पण चौदा इंची पडद्यावर ते आकडे म्हणजे मुंग्यांची रांग. वरून माझा काळोख. पोरं दोन मिनिटं खेळायची, विमान आपटायची आणि हसत उठायची.

न हसणारा एकच होता, प्रशांत. कर्जतकडचा, बी.एस्सी.ला होता. वडील रंभाजी विजेच्या खांबांवर चढणारे लाइनमन. पहिल्यांदा विमान आपटलं तेव्हा प्रशांत पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “चूक माझी न्हाई. मला आकडाच वाचता आला न्हाई.” मग हात धुऊन त्या आकड्यांच्या मागे लागला.

तीन आठवडे खपला बिचारा. खिडकीची तिरीप पडद्यावर यायची म्हणून टेबल फिरवलं. तबकड्या मोठ्या करायची सोय मेनूत कुठेतरी दडली होती, ती हुडकली. मळकट हिरवी अक्षरं कुठलीशी फाइल उघडून काळ्यावर पिवळी केली. पडद्याच्या मागची बटणं पिळून उजेड जमवला. सगळं झाल्यावरही उंचीची तबकडी धूसरच. तेव्हा त्यानं मला हुकांवरून अलगद काढलं आणि बाजूला ठेवलं.

“आता कसं लख्ख!” तो ओरडला.

मला राग आला का? आला की! खोक्यावर माझं काय कौतुक छापलं होतं, आणि या पोरानं मला अडगळ ठरवली. पण खोटं कशाला बोलू? माझ्याशिवाय सगळं स्वच्छ दिसत होतं.

सरांनीही पाठ थोपटली. “वा प्रशांत, डोकं आहे तुला. आता आमच्या अनिमेषला पण शिकव.” अनिमेष म्हणजे सरांचा पुतण्या. प्रशांतनं त्याला शेजारी बसवून शिकवलं, प्रत्येक तबकडी, प्रत्येक काटा. सरांच्या पत्नी अंबिकाकाकू चहा आणून द्यायच्या. एकदा बोलता बोलता प्रशांतनं काकूंना सांगितलं की त्याच्या घरी बुद्धवंदना होते. काकू म्हणाल्या, “छान हो.” सरांनी शेजारच्या टेबलावरून ते ऐकलं. त्या दिवसापासून सरांच्या तोंडात प्रशांतसाठी ‘तुम्ही लोक’ असा शब्द यायला लागला.

अशात बातमी आली. एका ट्रस्टतर्फे एका पोराला विमानाचं शिक्षण मिळणार होतं, राहण्याजेवणासकट. निवडायला निवृत्त वैमानिक कॅप्टन आबासाहेब स्वतः येणार होते, आणि चाचणी आमच्याच मशीनवर. नावं दोनच उरली, प्रशांत आणि अनिमेष. दिवस ठरला सत्त्याण्णवचा दसरा. प्रशांतची तर झोपच उडाली. वडील खांबावर चढतात, मी ढगात चढणार, असं काकूंना दहादा सांगून झालं होतं.

दसऱ्याला क्लासातली सगळी मशीनं पूजतात. काकूंनी झेंडूच्या माळा केल्या, प्रशांतनंही ओवायला मदत केली. मला त्या दिवशी पुन्हा मशीनवर चढवलं होतं, सणाला सगळं जागच्या जागी हवं म्हणून. काकू ठेंगण्या. कीबोर्डवरून वाकून त्यांचा हात पोचला तो माझ्या खालच्या भागापर्यंत. तिथं त्यांनी ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. “या मशीनला जरा मोठं काढते,” त्या म्हणाल्या, “पोरांची परीक्षा आहे.” किती मायेनं काढलं होतं माऊलीनं!

दुपारी काकू स्वयंपाकाला घरी गेल्या आणि कॅप्टन आले. काम सोपं होतं. उड्डाण करायचं, दोन हजार फुटांवर जायचं, उंची मोठ्यानं सांगायची, डोंगर ओलांडून परत यायचं. आधी अनिमेष. सरांनी मला काढून टेबलावर ठेवलं. अनिमेषनं प्रशांतचे मोठे पिवळे आकडे घडाघडा वाचले आणि विमान उतरवलं.

मग प्रशांत बसला. आणि सरांनी मला उचलून परत पडद्यावर अडकवलं.

“सर, काच नको,” प्रशांत म्हणाला.

“असू दे रे. डोळ्यांना त्रास होतो. आणि पूजेची वस्तू अशी खाली ठेवू नये.”

मी पडद्यापासून चांगली चार बोटं पुढे लटकते. बसणाऱ्याच्या नजरेला काकूंचं स्वस्तिक बरोबर उंचीच्या तबकडीवर येत होतं. प्रशांतनं ते पुसायला हात उचलला.

“पुसू नकोस हं,” सर अगदी गोड आवाजात म्हणाले. “पूजेचं कुंकू आहे. तुम्हा लोकांना नसेल त्याचं काही, आम्हाला आहे.”

सगळा क्लास बघत होता. प्रशांतचा हात माझ्यापासून वीतभर लांब थांबला. आणि खाली गेला. अरे, पूस की रे! मी आतून किंचाळत होते. पण पुसलं असतं तर काय झालं असतं, ते त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

विमान उडालं. प्रशांत मान डावीकडे नेई, उजवीकडे नेई, कुंकू काही हटेना. शेवटी तो खुर्चीतून अर्धवट उठला, वरून बघायला.

“बसा खाली!” कॅप्टन मागून कडाडले. “विमान काय उभं राहून चालवतात?”

तो बसला. मनातल्या मनात सेकंद मोजले असावेत, कारण ओठ हलत होते. “दोन हजार फूट,” तो म्हणाला. खरी उंची तेराशे होती. पुढच्या मिनिटाला डोंगर आला आणि पडदा लाल झाला. पोरं फिदीफिदी हसली.

“कुंकवामुळं दिसलं न्हाई, सर.”

“मला तर इथून स्वच्छ दिसत होतं,” कॅप्टन म्हणाले. दिसणारच, ते उभे होते ना! त्यांनी कागदावर लिहिलं, ‘नजर कमजोर, अपात्र,’ सही ठोकली आणि कागद खिशात घातला.

प्रशांत दाराशी जाऊन बूट घालू लागला. तेवढ्यात कॅप्टनना हौस आली. “बघू, मी पण एक चक्कर मारतो.” ते खुर्चीत बसले आणि लगेच म्हणाले, “अहो, काहीच दिसत नाही की हो इथून!”

“थांबा साहेब.” सरांनी माझ्यावर तोंडाची वाफ सोडली, खिशातला रुमाल काढला आणि कुंकू पुसून टाकलं. एका फटक्यात.

कॅप्टनचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. प्रशांत नाडी हातात धरून तसाच वाकलेला होता, सगळं बघत. कागद कॅप्टनच्या खिशातच होता, पेनही तिथंच होतं. ते म्हणाले, “माधवराव, चहा आणखी मिळेल का?”

प्रशांत गेला. परत आला नाही.

आठ दिवसांनी रंभाजी आले, डॉक्टरचा कागद घेऊन. “साहेब, पोराचं डोळं तपासून आनलं. दोनी चोख हायेत.”

“यादी गेली हो,” सर म्हणाले. “आता काही करता येत नाही.”

“पोरगं बोलत न्हाई कुनाशी. जेवत न्हाई धड.” रंभाजी माझ्यासमोर उभे राहिले. खांबावर चढून घट्टे पडलेलं बोट त्यांनी माझ्यावरून हळूच फिरवलं. “हीच का ती काच? ही पुसायला कितीसा येळ लागला असता वो?”

माझ्यावर बोट उमटलं म्हणून पोरांवर खेकसणारे सर त्या दिवशी हजेरीची वही चाळत बसले.

अनिमेषचं काय झालं विचारता? पहिल्याच खऱ्या उड्डाणात घाबरला, ओकला आणि चार महिन्यांत घरी आला. ती जागा कुणाच्याच कामी आली नाही.

आता नव्व्याण्णव साल आहे. नवी मशीनं आली, मी जुन्या मशीनवर कोपऱ्यात पडून आहे. सर मला केव्हाच भंगारात देणार होते, पण काकू देऊ देत नाहीत. “हिला मी हातानं पूजलं आणि आमचा अनिमेष निवडला गेला,” असं त्या सगळ्यांना सांगतात. गेल्या दसऱ्यालाही त्यांनी त्याच जागी तेवढंच मोठं स्वस्तिक काढलं. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही.

उद्या पुन्हा दसरा. काकू आत्ताच फुलं घेऊन आल्या. म्हणाल्या, “अहो, त्या प्रशांतला बोलवा की यंदा. किती छान माळा ओवायचा पोरगा!”

“त्याला कशाला?” सर म्हणाले. “त्या लोकांना आवडत नाही आपलं हे असलं.”

“असं होय,” म्हणून काकू हळहळल्या आणि कुंकू कालवायला गेल्या.

तुमच्यापैकी कुणी उद्या सकाळी लवकर आलात, तर माझं एक ऐका. काकूंचा हात माझ्यापर्यंत पोचायच्या आत मला खाली पाडा.