साठेबाज काकू

"अहो, ही तर आपली टोफूवाली!" शिगेने सकाळचा पेपर नवऱ्यासमोर आपटला.

तेइसाकूने पेपर जवळ ओढला. व्यंगचित्र त्यानेच काढलेलं होतं. एक लठ्ठ बाई किमोनोखाली धान्याचं पोतं लपवत होती आणि खाली लिहिलं होतं, 'साठेबाज काकू'. बाई कल्पनेतली होती, पण भुवई? पाण्यातून टोफूची वडी उचलताना टोफूवाल्या त्सुनेची डावी भुवई अशीच वर चढायची. वीस वर्षं रोज पाहिलेली ती भुवई, छपाईच्या घाईत हातून आपसूक काढली गेली होती.

युद्धाचे दिवस होते. जपानमधल्या मात्सुए गावात तेव्हा साठेबाज म्हणजे देशद्रोहीच. दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. साठेबाजांवर नजर ठेवणाऱ्या समितीच्या प्रमुखाने त्सुनेचं दुकान उलटंपालटं केलं, काही सापडलं नाही. तरी म्हणाला, "पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच!"

तेइसाकू धावतपळत कचेरीत गेला. "खुलासा छापा. ती बाई निर्दोष आहे."

संपादक योनेहारा खो खो हसला. "व्यंगचित्राचा खुलासा? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? लोकांना काकू आवडल्यात. उद्या पुन्हा काढा."

तेइसाकूने रंगवलेली कमळं कोणी फुकटसुद्धा नेत नसे, घर चालायचं ते पेपरातल्या व्यंगचित्राच्या चौकटीवर. नोकरीवर लाथ मारायची त्याची छाती झाली नाही. भित्राच होता तो. पण दुसऱ्या दिवशी काकूच्या जागी साठेबाज काका आले: टकलू, जाड भिंगांचा चष्मा, पुढे आलेले दात. हुबेहूब तेइसाकू. दुसरं काढून घ्यायला वेळच उरला नव्हता, म्हणून संपादकाने शिव्या घालत ते छापलं. गावाने पोट धरधरून हसून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो मागच्या दाराने त्सुनेकडे गेला. लाकडी टाकीत वड्या तशाच पडून होत्या, पाण्याला आंबूस वास सुटला होता. त्याने गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावलं.

"चूक झाली, त्सुनेबाई."

"कालचं चित्र पाहिलं मी, गुरुजी. लोक तुम्हाला हसले आणि जेवायला बसले. माझ्या हातचं मात्र कोणी खात नाही. पोरगा तिकडे लढतोय अन् इथे त्याची आई चोर!"

"सांगाल ते करतो. पेपर सोडू?"

"तुम्ही सोडलात म्हणून माझ्या वड्या खपणार आहेत का?" सकाळची एक वडी तिने बांबूच्या सालीत गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. "ही घ्या. आणि आल्या वाटेने जाऊ नका. पुढच्या दाराने जा."

समोरच्या हातपंपावर बायकांची रांग होती आणि समितीचा प्रमुखही तिथेच उभा होता. तेइसाकूने दार सरकवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. वडी दिसेल अशी धरून तो बाहेर आला, मागे वळला आणि कुठलंच गिऱ्हाईक दुकानदारासमोर वाकत नाही इतका खाली वाकला.

"उद्या दोन ठेवा, त्सुनेबाई." त्याचा आवाज चिरकला.

कोणी हसलं नाही, कोणी पुढेही आलं नाही. प्रमुखाने नाव टिपायला खिशातून वही काढली. तेइसाकू वाकलेलाच होता. मग रांगेतून एकटी शिगे निघाली, बादली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन तीही वाकली.