निम्म्या तुझ्या, निम्म्या माझ्या

आमच्या घरात सफरचंदसुद्धा कधी कुणी एकट्याने खाल्लं नाही. आई ते चिरणार, मोठी फोड बाबांना देणार आणि बाबा ती हळूच तिच्या बशीत सरकवणार. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे चालूच. मला वैताग यायचा.

दोघांचेही गुडघे कामातून गेले, तेव्हा खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये यायचं सुचवलं. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं म्हणे. दोघांना वेगवेगळ्या डब्या मिळाल्या. काही दिवसांतच आई कठडा न धरता जिना चढू लागली.

आज सकाळी बाबांचा श्वास कोंडला. आता ते अतिदक्षता विभागात, तोंडावर मास्क, ओठ सुजलेले. बाहेरच्या बाकावर आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"मी डब्या एकत्र केल्या गं."

"काय?"

"एकाला खरं नि एकाला खोटं, हे मला बघवेना. निम्म्या त्यांना, निम्म्या मला. त्यांना माहीत आहे."

"अगं, मग सांग ना डॉक्टरांना!"

"ट्रायलमधून दोघांनाही काढून टाकतील. मी परत अंथरुणाला खिळेन."

तेवढ्यात डॉक्टरबाई दार लोटून बाहेर आल्या. "तातडीची परवानगी काढून त्यांना काय मिळत होतं ते बघितलं. त्यांच्या डबीत साध्याच गोळ्या होत्या. म्हणजे आपल्या औषधाचा संबंध नाही, हृदयाचंच असणार. त्याचं इंजेक्शन देतोय."

दार अर्धवट उघडंच होतं. बाबांनी सगळं ऐकलं. आईकडे बघत त्यांनी मान हलवली, नको. मग दोन बोटं पावलांसारखी चादरीवर चालवून दाखवली. तू चालतेयस ना, मग गप्प बस.

मला त्यांचा असा संताप आला! जीव जायची वेळ आली तरी मोठी फोड तिच्याच बशीत. आणि भीती तर इतकी की मला उठताच येईना.

आत नर्सने सिरिंज भरली. आई उठली आणि मला कळायच्या आत दारातून आत गेली.

"थांबा," ती म्हणाली. "डब्या मी एकत्र केल्यात. आमच्यात त्यांचं-माझं असं काही नसतं."