‘समजा’ नसलेली वाक्यं

दुसऱ्यांची वाक्यं चाळत बसायची खोड सुवर्णाला लहानपणापासूनच होती. नाशिकला येऊन तिने त्यावर पीएचडी मांडली, एवढंच. ऑनलाइन शिकवणारे मास्तर काय काय ठासून सांगतात, हा विषय. ज्या वाक्याच्या खरेपणाची हमी बोलणारा स्वतः घेतो, ते ‘विधान’ या रकान्यात. ‘समजा’ने सुरू होणारं वाक्य बाहेर, कारण त्यात कोणी कसलीच हमी घेत नाही.

व्हिडिओंसाठी घरचाच मास्तर होता. धाकटा भाऊ किशोर सिन्नरजवळ मळ्यात एकटा राहायचा आणि भौतिकशास्त्राचे धडे टाकायचा. समजा, एक माणूस विहिरीच्या कठड्यावर उभा आहे. समजा, त्याच्या हातातून दगड सुटला. प्रत्येक धड्यात तो बिचारा माणूस असायचाच, आणि सुवर्णा त्याला निमूटपणे रकान्याबाहेर काढायची.

एकेचाळिसाव्या धड्यात ‘समजा’ नव्हतं.

“एक माणूस विहिरीच्या कठड्यावर उभा आहे,” किशोर म्हणाला आणि कॅमेरा सोडून बाजूला बघत राहिला. “त्याच्या हातात दगड नाही.” पुढचं गणित त्याने सोडवलंच नाही. घाईत असेल, म्हणून तिने पुढचे तीन धडे लावले. एकात होतं, “त्याने पांढरा सदरा घातला आहे.” दुसऱ्यात, “तो माझ्याकडे बघतो आहे.” तिसऱ्यात, “तो मला बोलावतो आहे.” नियमाप्रमाणे या सगळ्यांपुढे ‘विधान’ लिहायचं होतं.

तिने फोन लावला. “अरे, तू ‘समजा’ म्हणायचं विसरतोयस.”

“विसरलो नाय, ताई. समोर दिसतंय त्याला समजा कसं म्हणू? पोरांना खोटं सांगायचं का?”

तिने सिन्नरची बस धरली, पुढे जीप. भर दुपारी मळ्यात पोचली, तर किशोर मोबाइल स्टँडला लावून विहिरीपाशी उभा, कठड्यापासून जेमतेम दोन पावलांवर. आसपास चिटपाखरूही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण भावाचे डोळे दिसले आणि ती पुन्हा घाबरली.

“इथं कोणी नाहीये, किशोर. तूच म्हण बघू, विहिरीवर कोणी नाही.”

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. शेवटी बहिणीचं मन राखायला, कठड्याकडे बघत तो हळूच म्हणाला, “समजा, विहिरीवर कोणी नाय.”

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि मागे न बघता त्याला ओढत बांधावरून निघाली. आता याला नाशिकलाच ठेवायचं, विहीर म्हणून दिसू द्यायची नाही, तिने ठरवून टाकलं. डांबरी रस्ता दिसला तशी तिला जरा धीर आला. किशोरही मुकाट्याने येत होता.

“ताई,” तो म्हणाला, “जरा हळू चाल. त्याला एवढं भरभर चालता येत नाय.”