ताटावरचा चमचा

बाबांनी जन्मभर कॉलेजात वादविवाद शिकवला आणि घरीही कॉलेजच चालवलं. आम्हा भावंडांना काहीही हवं असलं, की जेवणाच्या टेबलाशी उभं राहून ते पटवून द्यावं लागे. तुझ्यावर विश्वास का ठेवायचा ते आधी सांग, मग मनाला भिडेल असं बोल, मग कारणं दे. कुठे घसरलं की बाबांचा चमचा ताटावर वाजे. "माणसावर नको, मुद्द्यावर बोल." टक. "दोनच वाटा दाखवतेस, तिसरी लपवलीस." टक. सहलीची परवानगी मागतामागता दादाला घाम फुटायचा.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबांनी मला वसतिगृहात ठेवायचं ठरवलं. मी टेबलाशी उभी राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसती हमसून हमसून रडले. टक. "भावना शब्दांतून पोचव. रडणं हा मुद्दा नाही." दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक भरली गेली. त्या चमच्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा बाबांची पाळी आली. गुडघे कामातून गेलेले, जिना चढवत नाही. दादाने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. बाबांना मात्र माझ्याकडे यायचं होतं, आणि होकार-नकार माझ्या हातात होता.

"बोला," मी म्हटलं. "उभं राहून."

टेबलाचा काठ धरून ते उभे राहिले. मी चमचा घेऊन बसले होते. तो एकदाही वाजवता आला नाही. त्यांनी उपकार काढून दाखवले नाहीत, आईला मध्ये ओढलं नाही, लोक काय म्हणतील याची भीती घातली नाही. माझं घर तळमजल्यावर आहे, एक खोली रिकामी आहे, मी दिवसभर बाहेर असते तेव्हा घरात कोणीतरी असेल. एकटेपणाबद्दल दोनच वाक्यं बोलले, तीही नीट बेतलेली. पाय थरथरत होते, आवाज नाही.

"पटलं की गं," दादा हळूच म्हणाला.

"मलाही पटलं. शंभरपैकी शंभर. दादा, बाबांची बॅग गाडीत ठेव."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बॅग उचलली. तो लहानपणापासून असाच आहे, कोणाचाही आवाज चढण्याआधीच ऐकतो.

गाडी मीच चालवत होते. बाबा शेजारी बसले होते. वृद्धाश्रमाचं फाटक दिसलं तेव्हा त्यांनी विचारलं, "माझं कुठे चुकलं?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "नुसते रडला असतात तर ठेवून घेतलं असतं. मी त्याचीच वाट बघत होते."

फाटकाशी गाडी थांबवली. बाबांनी माझी बाही घट्ट धरली आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडू लागले. शब्द एकही फुटेना.

चमचा घरीच राहिला होता. मी गाडीची किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर वाजवली. टक.