धुतलेलं फडकं

चुलीशी उकिडवं बसून यशोदाबाईंनी खिळ्यावरचं फडकं काढलं, दाराच्या उजेडात नेलं आणि उलटसुलट करून पाहिलं. हातभर मांजरपाट, पण त्यावर एक डाग नव्हता.

"महिनाभर इथंच होतं ना हे?"

"इथंच की. कुठं जातंय," लंकाबाई म्हणाली.

यशोदाबाई ग्रामसेविका. सिन्नरहून एसटीने यायच्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीत वही. गेल्या महिन्यात त्यांनी गावातल्या अकरा घरांत असे अकरा तुकडे टांगले होते, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर. ज्या घरचं फडकं जास्त काळं, त्या घरात धूर जास्त, आणि तिथं निर्धूर चूल आधी. धुराच्या नळ्या आल्या होत्या पाचच घरांपुरत्या. धूर मोजायचं यंत्र सरकारकडे असेलही, पण ते काही एसटीने येत नव्हतं. मांजरपाटाची युक्ती बाईंची स्वतःची होती आणि त्यांना तिचा थोडा अभिमानही होता.

"मग ह्या घरात धूर नाही म्हणायचं," असं म्हणत त्यांनी वही उघडली आणि पदराने डोळ्यांचं पाणी पुसलं. चुलीत बाभळीचं ओलं लाकूड फुसफुसत होतं. कोपऱ्यात लंकाबाईची सहा वर्षांची नात, भागी, खोकत होती. खोकून झालं की थोडा वेळ तोंड उघडं टाकून बसायची, मग पुन्हा सुरू.

लंकाबाईने भाकरी उलटली. सून जाऊन दीड महिना झाला होता. तेव्हापासून कुणी विचारलं तर ती उत्तर द्यायची, कुणी वाढलं तर जेवायची. रडू मात्र तिला एकदाही आलं नव्हतं. आळीतल्या बाया म्हणायच्या, म्हातारी मनाची घट्ट. ती घट्ट नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

वही मिटता मिटता यशोदाबाईंची नजर भिंतीवर गेली. सुतक फिटल्यावर लंकाबाईने पांढऱ्या मातीने घर पोतारलं होतं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी हे फडकं टांगलं गेलं होतं. आता चुलीमागची भिंत तपकिरी झाली होती, वर आढ्याकडे तर काळीच. फडकं होतं तेवढा चौकोन मात्र पांढरा होता.

बाईंनी फडकं नाकाशी नेलं. धुण्याच्या सोड्याचा वास आला.

"आजी, हे तुम्ही धुतलंत?"

"धुतलं की. दर चार दिसाला धुते, वाळलं का पुन्हा टांगते. लय मळतं ते." लंकाबाईने हातावर पुढची भाकरी घेतली. "तुम्ही येणार, मंग मळकं कसं दावायचं? त्या झिपरूच्या घरी पाहिलं, पार कोळसा करून ठेवलाय. मलाच लाज वाटली."

यशोदाबाईंना हसू आवरेना.

"अहो आजी, मळच तर बघायचा होता मला."

"मळ?"

"मळावरून कळतं आत काय चाललंय ते. तो धुऊन टाकला तर बघणाऱ्याला कळणार कसं? तुमच्या भिंतीने सांगितलं म्हणून बरं." त्यांनी वहीत नाव लिहिलं. "पाचांत घेतलंय तुम्हाला. मंगळवारी गवंडी येईल नळी बसवायला. फडकं राहू द्या तुम्हालाच."

तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास सुटला. लंकाबाईने ती उलटली नाही.

"निस्त्या मळावरून कळतं?"

"तेवढ्यावरूनच कळतं."

सून, बया, दिवाळीपासून खोकत होती. लंकाबाई तिला घेऊन सिन्नरच्या डॉक्टरांकडे गेली होती. औषधाला बाटली घरून न्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वेळी बाटली धुऊन आणा, आणि ही खोकताना तोंडाला लावते ते फडकंही आणा. लंकाबाईने बाटली राखेने घासली. फडकं सोड्यात उकळलं. त्यावर तांबूस डाग होते, ते काही निघेनात. बया मिसरी लावायची, तिचेच असतील असं धरून लंकाबाईने ते दगडावर आपटून आपटून काढले होते. डॉक्टरांनीही फडकं असंच उजेडात नेलं, असंच उलटसुलट केलं. बरं आहे म्हणाले आणि बाटली भरून दिली. परतताना एसटीत लंकाबाईला समाधान वाटलं होतं. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपल्या घरचं फडकं पांढरं निघालं, म्हणून.

"बरंय आजी, येते मी," यशोदाबाई दारातून म्हणाल्या.

"या."

त्या पुढच्या आळीला वळल्या. लंकाबाई बसून राहिली. भागीला पुन्हा उबळ आली, तशी तिने बाईंनी ठेवून गेलेलं फडकं उचलून पोरीच्या तोंडाला धरलं, उबळ थांबेपर्यंत धरून ठेवलं आणि तोंड पुसलं. मग ती सवयीने उठली. अंगणातल्या दगडापाशी घमेल्यात पाणी घेतलं, सोड्याचा डबा उघडला, चिमूट घेतली.

चिमूट तिने परत डब्यात टाकली. पाणी तिथंच ओतून दिलं. फडक्यावर काय आहे ते तिने पाहिलं नाही, मळकी बाजू आत घेऊन त्याची घडी घातली.

"भागे, चप्पल घाल. सिन्नरला जायाचंय."

"दवाखान्यात?" भागीने कोनाड्यातली बाटली उतरवली. आईची बाटली ती, सहा महिने तिच्या डोळ्यांसमोर घासली जात होती. "ही धुवू, आजी?"

"धू."

"आन् फडकं?"

"ते नको."

एसटीत जागा खिडकीशी मिळाली. भागी बाटली धरून बसली होती. घडी लंकाबाईच्या मांडीवर होती आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर आपसूक फिरत होता, डाग चोळून काढावा तसा. हे लक्षात आलं तेव्हा तिने डाव्या हाताने तो हात धरला, आणि सिन्नर येईपर्यंत सोडला नाही.